मूळ बिघाड आणि पुरवणी बिघाड

चालत्या मोटारीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ती कितीही देखणी असो वा कितीही पुरातन असो, रस्त्यावरून आपल्या गतीने जात असते तोपर्यंत ती केवळ तिच्या मालकाची असते. परंतु तीच मोटार भर वस्तीत उभी राहावी, तिचे बॉनेट वर व्हावे आणि मालकाने कमरेवर हात ठेवून आत पाहत राहावे, की थोड्याच अवधीत त्या खाजगी मालमत्तेचे सार्वजनिक संस्थेत रूपांतर होते. ज्यांना स्वतःच्या न्हाणीघरातील गळका नळ वर्षानुवर्षे ऐकू आलेला नसतो असे गृहस्थ त्या इंजिनातील सूक्ष्मतम नादाची चिकित्सा करू लागतात; ज्यांनी उभ्या आयुष्यात सायकलच्या साखळीला तेल घातलेले नसते ते कार्ब्युरेटरविषयी निःसंदिग्ध मत देतात; आणि दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असलेला मनुष्यही त्या पिशव्या जमिनीवर ठेवून ‘काय झालं?’ असे विचारतो, आणि उत्तर ऐकण्यासाठी मात्र थांबत नाही, कारण ते त्याच्यापाशी अगोदरच तयार असते.

अशा चौकश्यांना निव्वळ प्रेक्षक या नात्याने हजर राहण्याचा मला दीर्घकाळचा नाद आहे, आणि कोल्हापूरसारख्या शहरात तो नाद पुरविण्याची सोय उत्तम आहे. शिवाजी उद्यमनगरातील ओतशाळा, लेथ आणि गॅरेजे यांच्या सान्निध्यात वाढल्यामुळे म्हणा, किंवा शेतावरच्या ऑइल इंजिनांशी पिढ्यान्‌पिढ्यांचा घरोबा असल्यामुळे म्हणा, येथील माणसाला यंत्राचे भय असे कधी वाटलेच नाही. ही गोष्ट शहराच्या दृष्टीने जितकी अभिमानाची आहे, तितकीच यंत्रांच्या दृष्टीने चिंतेची आहे. या दीर्घ हजेरीतून माझा एक सिद्धान्त बनला आहे. बंद पडलेल्या इंजिनात मूळ बिघाड बहुतेक वेळा एकच असतो, आणि तोही अगदी क्षुल्लक असतो. उरलेले सारे बिघाड चौकशीच्या ओघात, चौकशी करणाऱ्यांच्याच हातून, पुरवणी म्हणून दाखल होतात. म्हणून खऱ्या जाणकाराचे पहिले कर्तव्य बिघाड शोधण्याचे नसून, मूळचा कोणता आणि मागाहून आलेले कोणते याची वर्गवारी लावण्याचे असते.

हा सिद्धान्त ज्या प्रकरणात सर्वांगांनी सिद्ध झाला, त्यातील आरोपी म्हणजे आमच्या पेठेतील एका गुळाच्या अडत्यांच्या मालकीची १९५१ सालची शेव्हरोलेट पिक-अप. जनरल मोटर्स कंपनीने मुंबईत शिवडी येथे १९२८ साली मोटारजुळणीचा कारखाना काढला व १९५४ साली तो बंद केला. त्या दरम्यान परदेशाहून सुट्या भागांच्या रूपाने आलेल्या किती तरी शेव्हरोलेट मोटारी आणि ट्रक तेथे जोडले जाऊन देशभर गेले. अडत्यांच्या वडिलांनी ही गाडी त्याच काळात घेतली आणि शाहूपुरीच्या बाजारात गुळाचे रवे वाहण्याच्या कामी तिची नेमणूक केली. गुबगुबीत मडगार्ड, पुढे पाच आडव्या पट्ट्यांची भक्कम जाळी आणि मागे लाकडी तळाचा हौदा असा तिचा थाट आजही कायम आहे. आत ओळीने सहा सिलिंडरांचे साडेतीन लिटर क्षमतेचे इंजिन आहे; कारखान्याच्या दप्तरी त्याची नोंद २१६ घनइंच आणि ९२ अश्वशक्ती अशी आहे. बॅटरी सहा व्होल्टची आहे. इंजिन फिरविण्याचा सेल्फ बोटाने नव्हे, तर फळीतून वर आलेली खुंटी पायाने दाबून चालवावा लागतो. पेट्रोलची टाकी केबिनच्या आतच, बैठकीच्या पाठीमागे उभी केलेली असल्यामुळे गाडीत इंधन आहे किंवा कसे, याबद्दल बसणाऱ्याच्या नाकाला कधीच शंका राहत नाही.

वास्तविक पेट्रोलचे इंजिन सुरू होण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी इतक्या मोजक्या आहेत की, त्यांच्याविषयी इतके मतभेद कसे माजतात याचेच नवल वाटावे. वजनाने सुमारे पंधरा भाग हवेत एक भाग पेट्रोल असे मिश्रण, ते सिलिंडरात कोंडून दाबणारा दट्ट्या, आणि त्या दाबलेल्या मिश्रणात नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी, एवढीच काय ती मागणी. शोषण, दाब, स्फोट आणि उत्सर्जन हा चार धावांचा क्रम जर्मनीत निकोलाउस ओटो याने १८७६ साली यशस्वी करून दाखविला, त्यात आजतागायत फरक पडलेला नाही. या मागण्यांपैकी एक जरी अपुरी राहिली तरी इंजिन दाद देत नाही, आणि सर्व पुऱ्या झाल्या तर कोणाच्याही शिफारशीची अपेक्षा न ठेवता ते चालू लागते. माणसांच्या कचेऱ्यांत दीर्घकाळ वावरलेल्या मनाला हा निःपक्षपातीपणा पेलत नाही, आणि म्हणून ते इंजिनाच्याही ठिकाणी राग, लोभ, वार्धक्य, दृष्ट, विश्वासघात इत्यादी हेतूंचा शोध घेऊ लागते.

या साऱ्यांत सर्वांत नाजूक व्यवहार ठिणगीचा. बॅटरीचा सहा व्होल्टचा प्रवाह कॉइलमधून निघून डिस्ट्रिब्यूटरमध्ये, म्हणजे ज्याला आमच्याकडचे मेस्त्री सरसकट ‘डेल्को’ म्हणतात त्या डब्यात, दोन चिमुकल्या पॉइंटांपाशी येतो. हे पॉइंट मिटलेले असतात तोवर प्रवाह वाहतो. इंजिनाच्या फिरण्याबरोबर ते सुमारे अर्ध्या मिलिमीटरने उघडले की प्रवाह अकस्मात तुटतो, कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो, आणि ज्या सिलिंडराची पाळी असेल त्याच्या प्लगमध्ये ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला पाचशे फेऱ्यांच्या मंद गतीने नुसते जागच्या जागी धडधडत असले, तरी या पॉइंटांना मिनिटाला दीड हजार वेळा उघडझाप करावी लागते. इतक्या तत्परतेने उघडझाप करणारी खिडकी कोणत्याही सरकारी कचेरीत माझ्या पाहण्यात नाही. परंतु खिडकी आणि पॉइंट यांच्यात एक साम्य मात्र आहे, ते असे की दीर्घकाळ काम पडले नाही म्हणजे दोन्ही ठिकाणी कामाची सवय मोडते. पॉइंटांच्या बाबतीत ती मोडते ती धातूवर दमट हवेने चढणाऱ्या, डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या पापुद्र्यामुळे. पॉइंट मिटलेले दिसतात, परंतु त्यांच्यातून प्रवाह जात नाही.

आता कोल्हापूरच्या पावसाळ्यात दमट हवेची टंचाई असते असे त्या शहराचा शत्रूही म्हणणार नाही. गुऱ्हाळे पाऊस सरल्यावर सुरू होत असल्याने, गाडी कामावर होती त्या दिवसांतही पावसाळाभर तिला रजाच असे, आणि आता ती सेवानिवृत्त झाल्यावर तर दसऱ्याच्या सीमोल्लंघनाखेरीज तिला छपराबाहेर पडण्याचे निमित्तच उरलेले नाही. वडिलांच्या मागे मालकांनी हा रिवाज निष्ठेने पाळलेला आहे. खंडेनवमीला गाडी बाहेर काढून धुवायची, दसऱ्याला तिच्या जाळीवर झेंडूचा हार चढवायचा, आणि सायंकाळी दसरा चौकात सोने लुटण्याच्या वेळी तिला नेऊन उभी करायची. त्याप्रमाणे नवमीच्या सकाळी त्यांनी चोक ओढला, खुंटीवर पाय दिला, इंजिन गरगर फिरले, आणि पकडले मात्र नाही. मालकांनी खाली उतरून बॉनेट उघडले. त्या एका कृतीने प्रकरण त्यांच्या अखत्यारीतून गेले.

येथे एक प्रशासकीय अडचण ध्यानात घेतली पाहिजे. खंडेनवमी हा हत्यारांच्या पूजेचा दिवस. त्या दिवशी उद्यमनगरातील पाने, पकडी, हातोडे, व्हाइस आणि लेथ हळदकुंकू लावून घेऊन झेंडूच्या फुलांखाली विश्रांती घेत असतात, आणि कोणताही सच्छील मेस्त्री त्यांना उठवून कामास लावीत नाही. सबब अधिकारी व्यक्ती संपूर्ण दिवस गैरहजर आणि अनधिकृत व्यक्ती झाडून सर्व हजर, असा योग जमून आला.

सर्वप्रथम दिवाणी न्यायालयातून निवृत्त झालेले एक शिरस्तेदार पुढे सरसावले. ‘दोष पेट्रोलचा आहे,’ असा निर्णय देऊन मग त्यांनी गाडीकडे पाहिले. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा ओढून घेते, आणि जुन्या काळातील पंपांच्या रबरी पडद्यांना ते मानवत नाही. त्यातही दैवाचा खेळ असा की, हे इथेनॉल आपल्याकडे उसापासूनही निघते. म्हणजे ज्या उसाचा गूळ या गाडीने हयातभर पाठीवर वाहिला, त्याच उसाचा अर्क आता तिच्या पोटात उतरविला जात होता. परंतु पेट्रोल आत येते की नाही हे पाहण्यासाठी पंपाखालच्या काचेच्या वाटीकडे एक दृष्टिक्षेप पुरेसा असताना, शिरस्तेदारांनी तो न टाकता, ‘जुने आहे ते निघून जाऊ द्या, नवे येऊ द्या,’ अशी आज्ञा केली. आणि तिच्या अंमलबजावणीसाठी मालकांनी चोक पूर्ण ओढून अ‍ॅक्सिलरेटर पुनःपुन्हा दाबला. अ‍ॅक्सिलरेटरच्या प्रत्येक दाबाबरोबर कार्ब्युरेटर पेट्रोलची एक चिळकांडी आत सोडतो. ठिणगीचा पत्ता नसताना या चिळकांड्यांचे जे व्हायचे तेच झाले, म्हणजे सहाही प्लग न्हाऊन निघाले. पुरवणी बिघाड क्रमांक एक.

दुसरे साहाय्य मालकांच्या भाच्याकडून आले. हा मुलगा अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे, आणि विद्येचा उपयोग आप्तांसाठी करण्याची त्याची तळमळ कौतुकास्पद आहे. ‘मामा, आपण सिस्टिमॅटिकली जाऊ,’ असे म्हणून त्याने प्लगांच्या सहाही वायरी डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणातून एकदम उपटल्या, फडक्याने स्वच्छ पुसल्या आणि परत लावल्या. लावताना त्याने एक, दोन, तीन, चार, पाच, सहा असा क्रम पाळला. एखाद्या पतपेढीच्या लिपिकाने यापेक्षा निर्दोष क्रम लावला नसता. परंतु या इंजिनाचा ठिणगीचा क्रम एक, पाच, तीन, सहा, दोन, चार असा आहे. शेजारशेजारच्या सिलिंडरांत लागोपाठ स्फोट होऊन क्रँकच्या दांड्यावर एकाच बाजूने ताण येऊ नये म्हणून अभियंत्यांनी तो मुद्दाम असा विखुरलेला आहे. भाच्याच्या शिस्तप्रियतेने तो विखुरलेपणा नाहीसा केला. पुरवणी बिघाड क्रमांक दोन; आणि हा तर असा छुपा की, मूळ बिघाड दूर होईपर्यंत त्याची वार्ताही कोणास लागू नये.

इतके होईतो खुंटीवरचा पाय एकसारखा पडत होताच, आणि प्रत्येक नव्या तर्कासरशी इंजिनाची गरगर मंद मंद होत होती. याबाबत मला नेहमी असे वाटत आले आहे की, चार्ल्स केटरिंग या अमेरिकन संशोधकाने १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीला विजेचा सेल्फ स्टार्टर बसवून मानवजातीचे जितके कल्याण केले तितकेच इंजिनाच्या रोगचिकित्सेचे नुकसान केले. त्यापूर्वी इंजिन सुरू करायचे ते समोर उभे राहून लोखंडी हँडल मारून. त्यात घाम निघे, आणि हँडल उलटले तर मनगट मोडे. साहजिकच प्रत्येक प्रयत्नापूर्वी माणूस थोडा विचार करी. पेट्रोल आहे काय, ठिणगी आहे काय, हे प्रश्न तो स्वतःच्या मनगटाखातर तरी विचारीत असे. सेल्फ आल्यापासून चुकीच्या तर्काची किंमत पायाच्या अंगठ्याएवढी झाली, आणि जी वस्तू इतकी स्वस्त झाली तिचे उत्पादन अफाट वाढले. त्याची झळ बॅटरीला लागते, परंतु बॅटरी तक्रार करीत नाही. ती एकदाच काय ते ‘टक्’ म्हणते आणि मौन पत्करते. दुपारच्या सुमारास येथेही ती ‘टक्’ म्हणाली. पुरवणी बिघाड क्रमांक तीन.

मग समोरच्या घरातील जीपवाल्यांच्या उदारतेला पूर आला. त्यांच्या जीपची बॅटरी बारा व्होल्टची. ‘सहाच्या जागी बारा मिळाले तर गाडीचं काय बिघडणार आहे? उलट दुप्पट जोमानं फिरेल,’ या त्यांच्या युक्तिवादात अंकगणिताची चूक नव्हती, आणि सेल्फ खरोखरच दुप्पट जोमाने फिरलाही. परंतु पॉइंटांवरचा पापुद्रा जोमाला दाद देणारा नव्हता. शिवाय सकाळपासून चाललेल्या चाचपणीत कोणाच्या तरी हातून दिव्यांचे बटण ओढलेले राहिले होते, त्यामुळे पुढच्या दोन्ही दिव्यांनी आपल्या सात दशकांच्या इतिहासात कधी न दाखविलेले तेज क्षणभर प्रकट केले आणि प्राण सोडले. जमलेल्या मंडळींपैकी काहींनी हे शुभलक्षण मानले.

यानंतर उपाय उरला तो धक्क्याचा. जवळच्या तालमीतून सात-आठ पैलवान बोलाविण्यात आले. सुमारे दीड टन वजनाची ती गाडी त्यांनी लीलया ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि परत आणली, व मध्यंतरी मालकांनी क्लच सोडून इंजिनाला असंख्य फेरे करावयास लावले. ठिणगीविना झालेल्या या प्रत्येक फेऱ्यात न जळलेले पेट्रोल मिश्रणाच्या रूपाने सिलिंडरांतून बाहेर पडून सायलेन्सरमध्ये साठत गेले, ही गोष्ट मात्र त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही. कारण साठणाऱ्या गोष्टीचा आवाज होत नाही. माडीवरून मालकांच्या आत्याबाई सकाळपासून हे पाहत होत्या. त्यांनी खाली येऊन, ‘दृष्ट लागली असंल रे बाळा,’ असे म्हणत गाडीवरून लिंबू उतरून टाकले. त्या दिवसभरातील सर्व उपायांपैकी ज्याने गाडीचे काहीएक नुकसान केले नाही असा हा एकमेव उपाय होय, हे मी निःपक्षपातीपणे नमूद करू इच्छितो.

दिवेलागणीच्या सुमारास उद्यमनगरातील एक वयोवृद्ध मेस्त्री आले. मालकांनी निरोपावर निरोप पाठविल्यामुळे ते आले होते खरे, पण हात रिकामे. ‘हत्यारं पूजेला बसल्यात. आज पान्याला हात लावायचा न्हाई,’ असे सांगून ते गुळाच्या एका रिकाम्या खोक्यावर बसले, आणि मालकांच्या चेहऱ्यावर उमटलेली निराशा दुर्लक्षून म्हणाले, ‘पयल्यांदा काय केलासा?’

या प्रश्नावर जो गलबला झाला त्याचे वर्णन करणे कठीण आहे. शिरस्तेदारांनी पेट्रोलच्या अधःपाताची हकीकत सांगितली, भाच्याने सिलिंडरातील दाब कमी झाला असावा अशी शंका मांडली, जीपवाल्यांनी जुन्या गाड्यांच्या वायरिंगवर सर्वसाधारण अभिप्राय दिला, पैलवानांपैकी एकाने इंजिन ‘आतून धरल्याचे’ निदान केले. मेस्त्रींनी सर्वांचे शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि हात वर केला. ‘तुमाला काय वाटतंय ते नगो. काय केलासा तेवढंच सांगा.’

एवढे ऐकताच सभेत जी शांतता पसरली ती अर्थपूर्ण होती. सामान्य साक्षीदाराने आपण पाहिले वा केले तेवढेच सांगावे, त्याचे मत पुराव्यात ग्राह्य नाही, हा नियम ज्या न्यायालयात रोज उच्चारला जातो तेथे शिरस्तेदारांची उभी हयात गेली होती. परंतु तो बॉनेटच्या दांडीखालीही लागू असेल असे त्यांच्या मनात कधी आले नसावे. मते बाजूला काढल्यावर जबान्या आश्चर्यकारक रीतीने आखूड झाल्या. पुष्कळांना तर सांगण्यासारखे काही उरलेच नाही, आणि ज्यांच्याजवळ उरले ते सांगण्यास फारसे उत्सुक नव्हते. तरीही प्रश्नामागून प्रश्न करीत मेस्त्रींनी चोक, अ‍ॅक्सिलरेटर, वायरी, बारा व्होल्ट आणि धक्का असा सारा घटनाक्रम वदवून घेतला. मग ते उठले, काचेच्या वाटीत पेट्रोल स्वच्छ आणि काठोकाठ असल्याचे पाहिले, कार्ब्युरेटरपाशी नाक नेले, एकदा सायलेन्सरच्या तोंडाशी जाऊन तेथेही नाक नेले, आणि किंचित हसले. त्या हसण्याचा अर्थ आम्हाला दुसऱ्या दिवशी कळला.

त्यानंतर त्यांनी दिलेला हुकूम असा होता: बॅटरी सोडवून चार्जिंगला टाकावी (‘पाना तुमचा, हात बी तुमचा’), चोक आत ढकलावा, बॉनेट रात्रभर उघडे ठेवावे म्हणजे आतले पेट्रोल आपसूक उडून जाईल, आणि सकाळपर्यंत गाडीस कोणीही हात लावू नये. शेवटचे कलम त्यांनी दोनदा उच्चारले. दिवसभरातील तो एकच मनाई हुकूम, आणि माझ्या मते तोच खरा औषधोपचार. बाकीचे काम निसर्गाने आणि एका ओळखीच्या दुकानदाराने रात्रीतून उरकले.

दसऱ्याच्या सकाळी मेस्त्री पुन्हा आले. हत्यारे अद्याप फुलांखालीच होती. त्यांच्या खिशात काडेपेटी तेवढी होती, आणि विडीखेरीज तिचा दुसरा काही उपयोग असेल अशी शंका घेण्यास कोणालाही जागा नव्हती. बॅटरी जागेवर बसली. मालकांनी किल्ली फिरविली. मेस्त्रींनी डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाच्या दोन स्प्रिंगा नखाने मागे सारून झाकण काढले आणि एका काडीच्या टोकाने मिटलेले पॉइंट हलकेच उघडून पाहिले. प्रवाह येत असता तर पॉइंट विलग होताना तेथे एक बारीकशी निळसर ठिणगी दिसली असती. ती दिसली नाही. ‘हितं हाय बघा,’ ते म्हणाले. ‘रातभर नव्हं, पावसाळाभर झोपल्यात हे.’ मग काडेपेटीची काडी ओढण्याची बाजू फाडून घेऊन त्यांनी तिची चिंधी पॉइंटांमधून दोन-तीनदा ओढली, धोतराच्या स्वच्छ सोग्याने कचरा पुसला, आणि पुन्हा काडी लावली. निळी ठिणगी चमकली. संपूर्ण गल्लीचे बुद्धिसर्वस्व पणाला लागूनही जो आरोपी सापडला नव्हता, त्याची जाडी केसाइतकीही नव्हती.

वायरींच्या बाबतीत मेस्त्रींनी जी शालीनता दाखविली तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. झाकण परत बसविताच चुकीचा क्रम त्यांच्या ध्यानात आला होता, परंतु त्यांनी भाच्याला जवळ बोलाविले आणि, ‘तुमीच लावा इंजिनेरसाहेब, एक, पाच, तीन, सहा, दोन, चार, रेडिएटरकडनं मोजायचं,’ एवढेच म्हटले. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या त्या मुलाने वायरी लावल्या, आणि हा क्रम तो आता परीक्षेतच काय, झोपेतही विसरणार नाही अशी माझी खात्री आहे.

‘समदी मागं सरा,’ असे मेस्त्री म्हणाले, ते मंडळींना नेहमीची औपचारिक सूचना वाटली. मालकांनी खुंटीवर पाय दिला. इंजिन एकदा फिरले, दुसऱ्यांदा अडखळले, तिसऱ्यांदा पकडले. आणि त्याच क्षणी आदल्या दिवशी पैलवानांनी मोठ्या परिश्रमाने सायलेन्सरमध्ये भरून ठेवलेल्या मालाची एकदम जप्ती झाली. आवाज असा झाला की कौलांवरची कबुतरे उडाली, शिरस्तेदार दोन पायऱ्या मागे सरले, तालमीतील एका भरदार गड्याने आत्याबाईंच्या आडोशाचा आश्रय घेतला, आणि सायलेन्सरचा एक जुना सांधा कायमचा उसवला. धूर विरल्यावर ऐकू येऊ लागली ती सहा सिलिंडरांची संथ, जाड, एकसारखी धडधड.

आता या प्रकरणाचा लेखाजोखा मांडायचा तर मूळ बिघाड एक, त्याच्या दुरुस्तीचा खर्च काडेपेटीची एक बाजू. आणि पुरवणी बिघाडांच्या यादीत भिजलेले प्लग, उलटसुलट वायरी, गळालेली बॅटरी, दोन दिवे आणि एक सायलेन्सर. परंतु असा लेखाजोखा मांडण्याची गरज तेथे माझ्याखेरीज कोणालाही भासली नाही. हार चढविला जात असतानाच पाच स्वतंत्र निकाल जाहीर झाले. शिरस्तेदारांच्या मते रात्रभरात नासके पेट्रोल उडून गेले हेच खरे कारण. भाच्याच्या मते वायरींची फेरजोडणी निर्णायक ठरली, आणि ती त्यानेच केली होती हे कोणी नाकारू शकत नव्हते. जीपवाल्यांचे म्हणणे पडले की बारा व्होल्टांनी आदल्या दिवशीच आतली वाट मोकळी करून ठेवली होती. पैलवानांनी धक्क्याने दट्ट्ये सुटल्याचे सांगितले. आत्याबाईंनी काहीच सांगितले नाही; त्यांनी फक्त रस्त्यावर चिरडून पडलेल्या लिंबाकडे बोट दाखविले. प्रत्येकाने आपापला निकाल मनोमन कायम केला होता आणि अपिलाची तरतूद कोठेच नव्हती.

मालक व्यवहारी गृहस्थ. त्यांनी मेस्त्रींच्या हातावर पेढा ठेवला आणि हळूच विचारले, ‘मेस्त्री, पुढच्या साली असं हुईल का हो पुन्ना?’

‘हुईल की. पाऊस काय थांबणाराय व्हय?’ मेस्त्री म्हणाले. ‘मला बोलवा. पर मी यायच्या आदी कुणी कुणी काय केलंय, ते तेवढं एका कागदावर लिवून ठेवत जावा.’

दप्तरात जन्म घालविलेल्या माणसाला यापेक्षा मोलाची सूचना कोण करणार? शिरस्तेदारांनी ती तत्क्षणी उचलून धरली. त्याच दिवशी, सोने देण्याघेण्याचा कार्यक्रम आटोपल्यावर, त्यांनी पुठ्ठ्याच्या बांधणीची एक कोरी वही मालकांच्या पेढीवर आणून दिली. तिच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वहस्ते सुबक रकाने आखलेले आहेत: तारीख, वेळ आणि केलेली कृती, हे तीन रकाने बोटभर रुंदीचे, आणि उरलेले सारे पान व्यापणारा चौथा, ज्याच्या डोक्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिले आहे, ‘अभिप्राय’.